‘थकले’ म्हणजे नेमकं काय?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘ज्येष्ठांचे मनोगत’ असा विषय दिला. सारं आयुष्य बँकेत गेलं, मनोगत वगैरे मला जमत नाही. म्हणून एका शब्दाबद्दल बोलतो. तो शब्द ‘थकणे’.

बँकेत हा रोज कानावर पडायचा. हप्ता थकला, व्याज थकलं, थकबाकी किती? हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक. नियम स्पष्ट. माणसाचं तसं नाही. ‘आज थकलो’ म्हणजे रात्री झोपलं की सकाळी ठीक. पण ‘काका आता थकले’ म्हटलं की ती सकाळ काही येत नाही!

तशी मराठीत शब्दांची वाण नाही. माणूस आजाराने खंगतो, काळजीने झुरतो, वयाने थकतो. ‘दुबळा’मध्ये गरिबीही येते, म्हणून दीनदुबळा. ‘जीर्ण’ देवळाला लावतात, त्याचा जीर्णोद्धार तरी होतो. आणि ‘कृश’ म्हणजे नुसता अंगाने बारीक. कृश आणि दुबळा यातला फरक वर्धेकरांना सांगायला नको. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले तेव्हा ६६ वर्षांचे होते. विनोबांची प्रकृती तोळामासा (१२ मासे म्हणजे १ तोळा, सोनेतारण केलेल्यांना ठाऊक असेल), पण १९५१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, भूदानासाठी निघाले आणि पुढची तेरा वर्षं पायी फिरले. त्यांना ‘थकले’ म्हणून घरी बसवायची कोणाची हिंमत होती?

आपण मात्र बसवतो. आपली वार्षिक सभा गच्चीवर होते, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या एक वहिनी दोन वर्षं सभेला नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, “त्या थकल्या, कशाला त्रास द्यायचा?” मेंटेनन्स थकला तर नोटीस बोर्डावर नाव लागतं, माणूस दोनदा दारी येतो. वहिनींच्या दारी कोणी गेलं नाही. मी गेलो. त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं, आणि मुद्दा बिनतोड होता. थकले होते ते गुडघे.

तेव्हा पुढची सभा खाली पार्किंगमध्ये घ्यावी आणि जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवावा, असा ठराव मी लेखी देतो आहे. सूचक मी. अनुमोदक म्हणून कोणीतरी आत्ताच हात वर करा.