संस्थेचे वळण आणि पर्यावरण



दापोडीस पवना नदी मुळेस मिळते. पिंपरी-चिंचवडच्या वस्तीचे आणि कारखान्यांचे जे सांडपाणी पवनेत जाते, ते वाहत या संगमापर्यंत येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या दोन्ही नद्यांचा समावेश होता. जलप्रदूषणाचा कायदा 1974 पासून सर्वांना एकच आहे. तरीही एक कारखाना दंड चुकविण्यापुरते यंत्र बसवितो आणि दुसरा नवी वाट शोधतो. हा फरक त्या त्या संस्थेच्या वळणातून पडतो.

टेल्कोचा पुण्याचा कारखाना 1966 पासून आकारास आला. सुमंत मुळगावकर यांनी त्या खडकाळ माळावर यंत्रांबरोबर वृक्षराजी वाढविली, तळे निर्माण केले. मालमोटारींच्या उत्पादनाशी झाडांचा थेट संबंध नव्हता. परंतु येथे कशाची कदर होते, हे नव्या कामगारास आपोआप उमगत असे.

चिंचवडच्या थरमॅक्सचा मूळ व्यवसाय बॉयलरचा. इंधनाच्या प्रत्येक किलोचा हिशेब ठेवणाऱ्यास धुराड्यातून निसटणारी उष्णता हा तोटाच वाटतो. अशा वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी शीतकरण यंत्रेही ही कंपनी बनविते. त्यांत विजेवर चालणाऱ्या काँप्रेसरऐवजी पाणी आणि लिथियम ब्रोमाइड यांची जोडी काम करते. 1996 मध्ये रोहिंटन आगा यांचे निधन झाले आणि तोपर्यंत मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या अनु आगा अध्यक्षा झाल्या. 2000-01 मध्ये कंपनीस तोटा सोसावा लागला. अशा वेळी पर्यावरणाच्या खर्चावर प्रथम कात्री चालते. थरमॅक्सने मात्र इतर व्यवसाय आवरते घेऊन ऊर्जा आणि पर्यावरण या क्षेत्रांवरच लक्ष एकवटले.

लहान उद्योजकांनी यातून घ्यावयाचा बोध खर्चिक नाही. वाफेची गळती सर्वप्रथम बॉयलरवरील कामगारास दिसते. ती सांगितल्याबद्दल त्यास बोलणी खावी लागली, तर पुढील गळती तो सांगणार नाही. त्याचे ऐकून त्याच आठवड्यात दुरुस्ती झाली, तर तो स्वतःहून दुसरी सुधारणा सुचवील. वाया गेलेले पाणी, वाफ आणि रंग यांचा हिशेब मालकाने दरमहा नफ्याच्या हिशेबाशेजारी मांडावा. मालक जे विचारतो, तेच कामगार जपतो. पवनेचे पाणी सुधारावयाचे असेल, तर त्याची सुरुवात या विचारण्यापासून होईल.