एका पेल्यांत अनेक द्राक्षें

वाइन एकाच जातीच्या द्राक्षांची असली म्हणजे ती अस्सल, आणि तींत अनेक जातींची मिसळ असली म्हणजे ती कमअस्सल, असा एक समज रूढ आहे. सोन्यांत तांबें घातलें कीं त्याचा कस उतरतो. तोच न्याय येथें लावला जातो. परंतु गोडा मसाला ज्या घरीं होतो, तेथें ह्या समजाचा फोलपणा सांगावा लागणार नाहीं. धने सर्वांत अधिक असले, तरी नुसत्या धन्यांचा मसाला होत नाहीं. आणि थोडेंसें दगडफूल राहून गेलें तर खाणाऱ्याच्या तें तत्काळ लक्षांत येतें. दक्षिण फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत ग्रेनाश नांवाचें काळें द्राक्ष प्रमुख धरून जी मिश्र वाइन करतात, तिची रचना अशीच आहे. तिचा आस्वाद घ्यावयाचा म्हणजे कोणत्या द्राक्षानें काय दिलें, आणि कोणाची उणीव कोणी भरून काढली, हें ओळखावयाचें.

ग्रेनाशचें मूळ बहुधा स्पेनमधील अरागॉन प्रांतांत मानतात. तेथें त्याला गार्नाचा म्हणतात. वेल मोठा काटक. कडक ऊन, पाण्याचा तुटवडा आणि उत्तरेकडून घोंघावत येणारा मिस्त्राल वारा हीं सर्व तो सोसतो. फळ उशिरां पिकतें व त्यांत साखर भरपूर उतरते. त्यामुळें वाइनमध्यें मद्यार्क चढा असतो. सुवास, मार्दव आणि ऊब हें ह्या द्राक्षाचें वैभव. परंतु त्याची साल पातळ. म्हणून रंग फिका, तुरटपणा थोडा, आंबटपणाही बेताचाच, आणि हवेचा संसर्ग होतांच वाइन लवकर उतरूं लागते. अशा वेळीं सोबती धांवून येतात. सीरा हें द्राक्ष गडद रंग आणि मिऱ्याचा वास देतें. जाड सालीचें मूर्वेद्र वाइनला तुरटपणाचा कणा देतें आणि ती दीर्घकाळ टिकवितें. सँसोमुळें हलकेपणा व सुगंध येतो, तर कूनवाझमुळें ताजा आंबटपणा.

ह्या मिश्रणाचें सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे आव्हिन्यों शहराजवळील शातोनफ-द्यू-पाप हें गांव. १३०९ ते १३७७ ह्या काळांत पोपचें आसन आव्हिन्यों येथें होतें. बाविसावे जॉन ह्या पोपनीं येथें किल्ला बांधविला, आणि 'पोपचा नवा किल्ला' ह्या अर्थाचें नांव गांवाला पुढें मिळालें. तथापि ह्या भूमीच्या वाइनला स्वतःचें नांव मिळण्यास फार काळ लागला. तिचीं पिंपें उत्तरेस बर्गंडीकडे जात, आणि तेथील अशक्त वाइनला बळ आणण्यासाठीं तीं ओतलीं जात. दुसऱ्याच्या नांवावर राबण्याचेंच काम तिच्या वांट्यास आलें होतें.

पुढें गांवाचें नांव झालें, तेव्हां उलट संकट उभें राहिलें. भलत्याच ठिकाणची वाइन ह्या नांवानें खपूं लागली. १९२३ सालीं येथील बागाईतदार बॅरन प्येर ल र्वा ह्यांच्याकडे गेले. कायद्याचें शिक्षण घेतलेल्या व पहिल्या महायुद्धांत विमान चालविलेल्या ह्या गृहस्थांनीं पुढारपण स्वीकारलें, पण आधीं बागाईतदारांनीं स्वतः सचोटीनें वागलें पाहिजे, ही अट घालून. जमिनीची सीमा, द्राक्षांच्या जाती, वेलांची छाटणी, मद्यार्काचें किमान प्रमाण, तोडणीच्या वेळीं खराब फळांची निवड, असे नियम ठरले. १९३६ सालीं त्यांना राष्ट्रीय कायद्याची मान्यता मिळाली. हेक्टरीं ३५ हेक्टोलिटर, म्हणजे साडेतीन हजार लिटर, ही उत्पन्नाची मूळ मर्यादा. आणि वरून साखर न घालतां मद्यार्क किमान १२.५ टक्के असलाच पाहिजे.

कायद्यानें तेरा जाती मान्य केल्या. २००९ पासून रंगभेद निराळे धरून ती संख्या अठरा झाली. मात्र कोणती जात किती घालावी, हें कायदा सांगत नाहीं. म्हणून शातो द बोकास्तेल येथें तेराही जाती लावलेल्या आढळतात, तर शातो रायास येथील रेताड जमिनींत जवळजवळ एकट्या ग्रेनाशवर लाल वाइन करतात, आणि दोघांचीही कीर्ति जगभर आहे. मिसळ ही सक्ति नव्हे; तो करणाऱ्याचा विवेक आहे.

आस्वादाचा क्रम सोपा, पण त्याला घाई खपत नाहीं. वाइन सोळा-सतरा अंश सेंटिग्रेड इतकी थंड असावी. अधिक ऊन झाली कीं मद्यार्काची वाफ इतर गंध झांकून टाकते. पेला तृतीयांशच भरावा व पांढऱ्या कापडावर तिरपा धरावा. रंग फिका दिसला म्हणून वाइन पाणचट समजूं नये. ग्रेनाशचा तो धर्मच आहे. रंग काळसर जांभळा असेल, तर सीरा किंवा मूर्वेद्र ह्यांचा वांटा मोठा असावा. प्रथम पेला न हलवितां वास घ्यावा. मग तो गोल फिरवून पुन्हां घ्यावा. रास्पबेरी, स्ट्रॉबेरी, पांढरें मिरें आणि ऱ्होनकांठच्या उघड्या माळावर उगवणाऱ्या सुवासिक झुडपांचा गंध त्यांत सांपडतो. घोट तोंडांत धरला कीं आधीं गोडवा भासतो. तो साखरेचा नव्हे. पिकल्या फळाचा आणि मद्यार्काचा. मागोमाग हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आक्रसल्या, तर ती बहुधा सोबत्यांची करणी. शेवटीं घसा जळला, तर तोल बिघडला म्हणावा. अनेक पेले तपासणारे परीक्षक प्रत्येक घोट थुंकून टाकतात. रसग्रहणाला फार पिण्याची गरज नसते.

हा तोल राखणें दिवसेंदिवस कठीण होत आहे. येथील पुष्कळ बागांत जमिनीवर मोठमोठे गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत. दिवसा ते तापतात आणि रात्रीं ती ऊब वेलांना देतात. पूर्वीं फळ पिकण्यास हें साह्य होतें. आतां हवामान तापूं लागल्यावर तेंच ओझें वाटूं लागलें आहे. किमान १२.५ टक्के मद्यार्क उतरावा म्हणून जेथें नियम करावा लागला, तेथील बाटल्यांवर आज १५ टक्के किंवा त्याहून अधिक आंकडा सर्रास दिसतो. द्राक्षें लवकर तोडलीं तर साल व बिया कच्च्या राहतात. थांबावें तर साखर वाढते. अशा पेंचांत कूनवाझ, सँसो आणि उपेक्षित राहिलेल्या इतर जातींकडे बागाईतदारांचें लक्ष पुन्हां वळूं लागलें आहे. एकाच द्राक्षाच्या आग्रहानें त्या जाती उपटून टाकल्या असत्या, तर आज त्यांच्यापुढें हा मार्गही उरला नसता.