देवी गेली, मग गोवर का राहावा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. विषय आहे गोवर, आणि त्याच्या लसीबद्दल फिरणाऱ्या खऱ्या-खोट्या गोष्टी. वर्धापनदिनाला आजाराचं कुठं काढलं, असं कोणी म्हणेल. पण अतिसारानं पडून असलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी धुतलं-पुसलं होतं. आजाऱ्याची सेवा हा धम्माबाहेरचा विषय नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या घरातले देव्हारे गेले. पण पोराच्या अंगावर लाल पुरळ उठलं की अजून एखाद्या घरात ऐकू येतं, "बाया आल्यात, सुई टोचू नका, दाराला लिंबाचा डहाळा लावा." म्हणजे देव्हारा गेला, आजारातली देवी मात्र राहिली! आणि आता तिच्या जोडीला मोबाईल आलाय. कोणीतरी कुठून तरी पाठवतं, आपण न वाचता पुढं ढकलतो.

मोठ्या देवीचं काय झालं ते आधी बघा. साठीच्या पुढच्या मंडळींनी हाताची बाही वर करावी. गोल वण दिसेल. ते देवीच्या लसीचं टोचणं. ही लस १७९६ साली इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरानं शोधली, १८०२ साली ती मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली. लोक भ्यायले, पळाले, अफवा उठल्या. तरी टोचणं चालू राहिलं. १९७५ साली भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. हजारो वर्षं नवस झाले, कोंबडी-बकरी गेली, देवी हटली नाही. ती हटली लसीनं.

आता गोवर. हा विषाणूचा आजार आहे, कोपाचा नाही. खोकल्या-शिंकण्यातून हवेत पसरतो. आजारी पोर खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेली दहा मुलं गोवरवाल्या पोराजवळ आली तर नऊ जणांना होतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून लागण सुरू होते, म्हणून पुरळ दिसल्यावर सावध होऊन उपयोग नाही. वरून न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज, डोळे जाणं, हे सगळं होऊ शकतं. "एकदा येऊन गेला की अंग स्वच्छ होतं" म्हणतात, ते साफ खोटं. उलट गोवर अंगातली आधीची रोगप्रतिकारशक्ती पुसून टाकतो, पोर पुढं दुसऱ्या आजारांना बळी पडतं.

लांबचं कशाला, २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत काय झालं? दाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. लहान लहान लेकरं दगावली. मालेगाव, भिवंडीतही साथ पसरली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं पुष्कळ होती. कोरोनाच्या काळात डोस राहिले होते, त्यात भीती. मेली कोणाची पोरं? गरिबाची. अफवा उठवणाऱ्याचं काही जात नाही, भोगतो तो आपल्यासारखा.

आता अफवा एकेक घेऊ.

"लसीनं पुढं मूल होत नाही." गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा देशात ठिकठिकाणी ही आवई उठली. खरं उलटं आहे. गरोदर बाईला रुबेला झाला तर पोटातलं बाळ बहिरं, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं, नाहीतर गर्भपात होतो. ही लस पुढच्या पिढीला वाचवते.

"लसीनं पोर मतिमंद होतं." १९९८ साली इंग्लंडातल्या वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरानं गोवराच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. पुढं तपासात बनवाबनवी निघाली. २०१० साली तो लेख मागं घेतला गेला, डॉक्टरची सनदही गेली. लेख गेला, अफवा राहिली.

"टोचल्यावर ताप येतो." हे खरं आहे, लपवायचं कशाला? काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, थोडं पुरळ उठतं, आपोआप जातं. क्वचित एखाद्याला टोचल्याबरोबर जास्त त्रास होऊ शकतो, म्हणून अर्धा तास केंद्रावर बसवतात. घाई करून उठू नका.

"सरकारी माणसं चुका करतात." करतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं. मुलं बचावली. ती माणसांची चूक होती, लसीची नाही. आम्ही गिरणीत काम करणारी माणसं. एखाद्या पाळीत माल खराब निघाला तर कोणाच्या हातून बिघडला ते शोधतो, कापड घालायचं सोडत नाही. तेव्हा जाब जरूर विचारा. बाटली दाखवा म्हणा, तारीख वाचा, कोणती लस ते विचारा. तो आपला हक्क आहे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितलं होतं. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेनं आलंय म्हणून मानू नका, तपासा, हिताचं असेल तर स्वीकारा. काही भाऊ हे सांगून लसीवर शंका घेतात. शंका घ्या! पण मग मोबाईलवरच्या निरोपावरही घ्या. एकावर शंका आणि दुसऱ्यावर आंधळा विश्वास, याला तपासणं म्हणत नाहीत.

आता काम. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी केंद्रात फुकट. एका डोसवर थांबू नका. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगावकडून कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्या पोरांचे डोस हमखास राहतात. त्यांनी लसीचं कार्ड बरोबर न्यावं, जिथं असाल तिथल्या सरकारी केंद्रात लस मिळते. आणि गोवर झालाच तर पोराला कोंडून ठेवू नका, डॉक्टरकडं न्या. जीवनसत्त्व 'अ' चे डोस देतात, त्यानं डोळे आणि जीव वाचतो. पाणी, अंगावरचं दूध, जेवण बंद करू नका.

आमची समितीला विनंती आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येक आईनं पोराचं कार्ड घेऊन यावं. तरुण पोरांनी यादी करावी आणि ज्यांचे डोस राहिलेत त्यांची नावं आशाताईंकडं द्यावीत. विहार नुसता वंदनेपुरता नसतो. या वस्तीतलं एकही लेकरू गोवरानं जाऊ नये, एवढं झालं तरी वर्धापनदिन सार्थकी लागला.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!