सदोष वाहन आणि वाहनमालकाचे हक्क



उत्तन हे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील समुद्रकाठचे गाव. बंदरावर उतरलेली मासळी वेळेत बाजारात पोहोचली तरच तिला भाव मिळतो. मोर्वा, राई, मुर्धे या गावांवरून भाईंदर स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेंपो आणि रिक्षा अडून पडल्या, तर अनेक घरांचा दिवस वाया जातो. कर्ज काढून घेतलेले वाहन हे अशा कुटुंबाचे भांडवलच असते. त्या वाहनाचे ब्रेक पहिल्याच वर्षी दगा देऊ लागले, तर हप्ते चालू राहतात, उत्पन्न थांबते आणि शिवाय जिवाचा धोका असतो तो वेगळाच. “नशिबाने खराब गाडी पदरी पडली” असे म्हणून बहुतेक मालक गप्प बसतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा नशिबाचा प्रश्न नाही. हक्काचा प्रश्न आहे.

वाहन परत मागविण्याची तरतूद

वाहनात वापरामुळे येणारा बिघाड आणि घडणीतच राहिलेला दोष यांत मूलभूत फरक आहे. पहिल्याची जबाबदारी मालकाची असते. दुसऱ्याची जबाबदारी उत्पादकाची असते, आणि तो दोष एकाच गाडीपुरता नसून त्या घडणीच्या हजारो गाड्यांत असू शकतो. म्हणूनच अशा सर्व गाड्या परत मागवून त्या विनामूल्य दुरुस्त करून देण्याची पद्धत जगभर रूढ झाली. रूढ भाषेत तिला ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली वाहन सुरक्षिततेचा कायदा झाला. भारतात मोटार उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये या बाबतीत स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. तथापि तिला कायद्याचे बळ नव्हते.

ही उणीव मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेने दूर केली. कलम ११०-क १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. वाहनातील दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना अपाय होण्याचा संभव असेल, तर ती वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र शासन उत्पादकाला देऊ शकते. उत्पादकाने वाहनाची पूर्ण किंमत परत करावी, तशाच किंवा अधिक चांगल्या प्रतीचे वाहन द्यावे अथवा दोष दुरुस्त करावा, असे पर्याय कायद्याने दिले आहेत. दोष आढळताच उत्पादकाने स्वत:हून शासनाला कळवून वाहने परत मागविली, तर त्याला दंडातून सूट मिळते. प्रामाणिकपणाला उत्तेजन देणारी ही तरतूद आहे.

महाराष्ट्राला या विषयाचे गांभीर्य जाणवले ते २६ मार्च २०२२ रोजी. त्या दिवशी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली, विजेवर चालणारी एक स्कूटर पेटली. केंद्र शासनाने चौकशीचे आदेश दिले. पुढे एप्रिल महिन्यात संबंधित कंपनीने, ओला इलेक्ट्रिकने, त्या खेपेतील १,४४१ स्कूटरी तपासणीसाठी परत मागविल्या.

एकट्या तक्रारदाराने काय करावे?

तक्रारींवरून सक्तीची कारवाई सुरू होण्यासाठी नियमांनी तक्रारींची किमान संख्या ठरवून दिली आहे. वर्षाला दहा हजारांहून अधिक खप असलेल्या मोटारींच्या बाबतीत ती १,२५० आहे. तक्रार शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदवावयाची असते. प्रत्येक मालकाने नोंद केली तरच ही संख्या भरते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु संख्या भरेपर्यंत एकट्या मालकाने थांबण्याचे कारण नाही. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने त्याच्यासाठी स्वतंत्र दार उघडले आहे. सदोष वस्तूमुळे इजा किंवा हानी झाल्यास उत्पादकाकडून भरपाई मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करावी. उत्तनच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातील असला तरी हरकत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

धंद्यासाठी घेतलेल्या वाहनाला हे संरक्षण मिळत नाही, असा एक गैरसमज आहे. नफ्यासाठी अनेक गाड्या ठेवून त्या नोकरांकरवी चालविणारा ग्राहक ठरत नाही, हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेले आणि स्वत: चालविलेले वाहन या अपवादात मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे तत्त्व स्पष्ट केले. रिक्षाचालक आणि मासळीचा टेंपो स्वत: हाकणारा मालक हे दोघेही ग्राहकच आहेत.

न्यायालयांचे दोन निर्णय

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ह्युंदाई कंपनीच्या एका मोटारीचे प्रकरण आले. अपघाताच्या वेळी तिच्या सुरक्षा-पिशव्या, म्हणजे एअरबॅग, उघडल्या नव्हत्या. धडकेचा वेग व जोर यांचे गणित मांडण्याइतके पदार्थविज्ञान ग्राहकाला यावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला.

दुसरा निर्णय गोव्यातील प्रकरणाचा, फेब्रुवारी २०२१ मधील. ग्राहकाने २०११ सालच्या मोटारीचे पैसे भरले. विक्रेत्याने मात्र २००९ सालची, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी पुढे केली. विक्रेत्याच्या या कृतीची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध न झाल्याने न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. यातून घ्यावयाचा धडा असा की, उत्पादक व विक्रेता या दोघांनाही प्रतिवादी करून प्रत्येकाचा दोष तक्रारीत स्वतंत्रपणे मांडावा.

कागद हाच साक्षीदार

तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. म्हणून खरेदीची पावती, वॉरंटीचे पुस्तक आणि प्रत्येक वेळचे जॉब कार्ड जपून ठेवावे. जॉब कार्डावर दोष आपल्या शब्दांत लिहून घ्यावा आणि दुरुस्ती झाली नसल्यास समाधानाच्या रकान्यात सही करू नये. त्यानंतर विक्रेता व उत्पादक या दोघांना लेखी पत्र पाठवावे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करवू शकतो.  १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

जुने वाहन घेणाऱ्यांनी एक दक्षता विशेषत्वाने घ्यावी. वाहन परत मागविल्याची सूचना नोंदीतील मालकाकडे जाते. नावाची बदली तीस दिवसांच्या आत करून घेतली नाही, तर ही सूचना जुन्या मालकाच्या दारात पडून राहण्याचा आणि सदोष ब्रेक घेऊन नवा मालक रस्त्यावर फिरत राहण्याचा धोका असतो.

न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमी उत्तनमध्येच आहे. तथापि न्यायसंस्थेच्या शेजारी राहिल्याने न्याय मिळत नाही. त्यासाठी मागणी नोंदवावी लागते. अर्ज लिहिण्यास शिक्षकांनी मदत करावी, एकाच घडणीच्या वाहनांची गावातील गाऱ्हाणी पंचायत सदस्यांनी एकत्र करावीत आणि अधिकाऱ्यांनी योग्य दार दाखवावे. कायद्याने हक्क दिला आहे. एका मालकाने वेळीच केलेल्या नोंदीने त्याच्याबरोबर त्याच घडणीच्या गाडीत बसणाऱ्या अनोळखी कुटुंबाचेही प्राण वाचू शकतात.