एक आणि एक किती?

(विज्ञान मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड.; माझा विषय इतिहास. तरीही आज विज्ञानावर बोलायला उभा आहे, कारण मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. गेल्या वर्षी विज्ञानाचे सर रजेवर असताना मी नववीच्या वर्गावर गेलो होतो. एका मुलीने विचारले, "सर, एकेक वॅटचे दोन अँप्लिफायर जोडले तर दोन वॅट मिळतील ना?" मी म्हणालो, "मिळतील की! एक आणि एक दोन." तिने ते वहीत उतरवून घेतले. पुढे मी वाचू लागलो आणि वरमलो.

ज्या विद्युत्‌चुंबकीय तरंगांची लांबी एक ते दहा मिलिमीटर असते, ते मिलिमीटर तरंग. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात १८९५ च्या सुमारास असे तरंग निर्माण करून दाखवले होते. आज ढगांचा वेध घेणारी काही रडारे ९४ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतात. तिथे एका चिपची शक्ती तोकडी पडते, म्हणून अनेकींची शक्ती एकत्र करावी लागते.

ती करायची कशी? साध्या तांब्याच्या पट्टीत या कंप्रतेचा प्रवाह पाव मायक्रॉनहूनही पातळ थरातून वाहतो आणि बरीच शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. म्हणून वेव्हगाइड, म्हणजे धातूची पोकळ चौकोनी नळी वापरतात. ९४ गिगाहर्ट्‌झसाठी तिचे तोंड २.५४ बाय १.२७ मिलिमीटर असते. मेथीचा दाणासुद्धा आत जायचा नाही!

सोळा अँप्लिफायर दोन-दोन करून जोडले तर चार पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीला शेकडा दहा गमावले, तर सोळा वॅटचे उरतात साडेदहा. शेकडा दोनच गमावले, तर पावणेपंधरा. वेव्हगाइडचा खटाटोप एवढ्यासाठी.

पण खरी गोम पुढेच आहे. चिखलात रुतलेली बैलगाडी तुम्ही ढकलली असेल. "हैशा" म्हणताच सगळ्यांचा जोर एकदम लागला तरच ती हलते. तरंगांचेही तसेच. ९४ गिगाहर्ट्‌झचा तरंग या नळीत सुमारे ४.१ मिलिमीटर लांबीचा असतो. एका बाजूची नळी एक मिलिमीटरने लांब झाली, तर जवळजवळ निम्मी शक्ती गेली. दोन मिलिमीटरने झाली, तर हाती जवळजवळ शून्य! म्हणजे एक आणि एक यांची बेरीज शून्यापासून दोनपर्यंत काहीही येऊ शकते.

ती मुलगी आता दहावीत आहे. मी तिला बोलावून हे सांगितले, आणि हेही सांगितले की दोहोंपैकी एक अँप्लिफायर बंद पडला तर एक वॅट उरत नाही, अर्धाच उरतो. तिने लगेच विचारले, "मग दुसरा अर्धा जातो कुठे?"

या वेळी मी वाचून गेलो होतो. 'मॅजिक टी' नावाच्या जोडणीला चार तोंडे असतात. दोन आत येण्याची, एक बेरजेचे, आणि चौथ्याशी एक शोषक बसवलेला असतो. न जुळलेली शक्ती तिथे जाते आणि तो तापतो. तो मुद्दाम बसवतात, कारण नसता तर हीच शक्ती उलट फिरून चालू असलेल्या अँप्लिफायरवर आदळली असती.