पेराएवढा शिपाई

दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुले आपण पाहिली आहेत. कदाचित लहानपणी आपणही किल्ला केला असेल. बाजारातून आणलेला मातीचा मावळा बुरुजावर उभा केला की किल्ला कसा जिवंत होतो! आज मी ज्या छंदाविषयी सांगणार आहे, त्यातला शिपाई या मावळ्याचा दूरचा भाऊबंद म्हणाना. फरक इतकाच की हा शिपाई धातूचा, बोटाच्या पेराएवढा, आणि भविष्यकाळात कुठल्याशा परग्रहावर लढणारा. शिवाय तो रंगवलेला मिळत नाही. हातात पडतात ते करड्या धातूचे सुटे तुकडे. त्यांतून शिपाई उभा करावयाचा तो आपणच.

या खेळाची वंशावळ शोधू गेल्यास एक ओळखीचे नाव भेटते. मंगळावरच्या प्राण्यांची पृथ्वीवरील स्वारी ज्यांनी १८९८ साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे मांडली, त्या एच. जी. वेल्स यांनीच १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. पुढे १९८७ साली इंग्लंडमध्ये रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ निघाला. त्यात परग्रह आणि शिपाई एकाच टेबलावर आले. आज मोठ्या कारखान्यांचे बहुतेक शिपाई प्लॅस्टिकचे असतात. पण धातूचे शिपाई ओतणारे छोटे कारखाने अजून आहेत.

आता कोणी विचारील, ‘अहो, टेबलावर सदऱ्याची बटणे मांडूनही हा खेळ खेळता येईल की! एका शिपायापायी चार-चार संध्याकाळी कशाला घालवायच्या?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी काम कसे चालते ते पाहू.

हे शिपाई रबराच्या गोल, फिरत्या साच्यात ओततात. साचा गरगर फिरतो आणि वितळलेला धातू मध्यापासून कडेच्या पोकळ्यांत फेकला जातो. साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिळतात, तिथे अंगभर एक बारीक रेघ उमटते. ती कानशीने हलकेच घासून काढायची. साच्याला लावलेली शंखजिऱ्याची पूड साबणाच्या पाण्याने धुवायची. मग जोडणी. धातू जड, त्यामुळे नुसत्या डिंकाने चिकटवलेला हात धक्का लागताच निखळतो. म्हणून हातात आणि खांद्यात सुईएवढे भोक पाडून त्यात पितळेच्या तारेचा तुकडा बसवतात. सांध्यातली फट एपॉक्सीची लुकण कणकेसारखी मळून बुजवतात.

गुळगुळीत धातूवर रंग धरत नाही, म्हणून आधी अस्तर. नंतर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर नाक-डोळे बुजून जातात. आणि इथे एक गंमत आहे. इतक्या लहान वस्तूवर पडणारी सावली डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ती आपणच रंगवावी लागते. खाचांत गडद पातळ रंग सोडायचा आणि उंचवट्यांवर, कोरड्या केलेल्या कुंचल्याने, फिका रंग पुसटसा ओढायचा. चिलखत अजून जन्माला न आलेल्या शतकातले असले तरी कोपऱ्यावर त्याचा रंग उडालेला हवा, बुटाला धूळ हवी. तरच पाहणाऱ्याला ते खरे वाटते.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. जुन्या शिपायांत शिसे असते. नव्यांत बहुधा कथलाचा मिश्रधातू असतो. धातू नक्की ठाऊक नसेल तर तो शिशाचाच समजावा. तो लहान मुलांच्या हाती देऊ नये, कानशीचा चुरा ओल्या फडक्याने टिपावा आणि हात धुतल्याखेरीज काहीही खाऊ नये.

आता बटणांचा प्रश्न. वेल्स यांचे म्हणणे असे होते, की लुटुपुटीच्या लढाईतच जर इतका गोंधळ माजतो, तर खऱ्या युद्धाची काय कथा! पुढच्याच वर्षी, १९१४ साली, महायुद्ध पेटले. खेळाने युद्धे थांबत नाहीत, हे उघड आहे. परंतु ज्याने चार संध्याकाळी खर्चून एका शिपायाच्या भुवया रंगवल्या, त्याला तो पहिल्याच डावात बाद झाला की चुटपुट लागते. बटण उचलताना तसे काही होत नाही. फौजेचा हिशेब डोकी मोजून करतात. इथे एकेक डोके आपल्या हातून गेलेले असते. ज्याला हे एकदा कळले, तो वर्तमानपत्रात ‘इतके हजार कामी आले’ हे वाचताना तो आकडा नुसता ओलांडून पुढे जाणार नाही, असे मला वाटते. माझ्या मते चार संध्याकाळींची किंमत तेवढ्यावरच वसूल होते.

तेव्हा एकच शिपाई आणा, एक कानस आणि दोन कुंचले घ्या, आणि खिडकीच्या उजेडात बसा. पहिला शिपाई ओबडधोबड होईल. तो टाकू नका. दहावा झाला की शेजारी ठेवून पाहा.