दिसले तेवढेच लिहावे
(हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रोहिणी, मृग, मघा, स्वाती ही नावे मराठी घराला नवीन नाहीत. पेरणीचा हिशेब मृगावरून होतो, दिनदर्शिकेच्या प्रत्येक चौकोनात नक्षत्र छापलेले असते आणि मुलींची नावेही त्यांतूनच ठेवली जातात. परंतु त्याच घरातील एखाद्या सुशिक्षित गृहस्थाला डिसेंबरच्या रात्री गच्चीवर नेऊन 'यांतील रोहिणी कोणती?' असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. रानात राखणीला जाणारा पूर्वीचा शेतकरी ताऱ्यांवरून रात्र किती उरली ते सांगत असे. आज नावे राहिली आहेत. ओळख मात्र गेली आहे. ही तुटलेली ओळख पुन्हा जोडून देण्याचे काम हौशी खगोल मंडळे अनेक वर्षे निष्ठेने करीत आहेत.

या कार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची देशातील सर्वांत जुनी संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू परत आला. त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ आकारास आले आणि वांगणीच्या माळावर रात्रभर चालणाऱ्या त्याच्या आकाशदर्शनांनी हजारो मुंबईकरांना प्रथमच काळेभोर आकाश दाखविले. गोव्यातही पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेच्या आधारे खगोलमित्रांची संघटना उभी राहिली. या मंडळांचे सभासद म्हणजे कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हेत. बँकेतील कर्मचारी, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, महाविद्यालयीन मुले-मुली अशी सामान्य माणसेच तेथे एकत्र येतात. प्रवेशासाठी पदवी लागत नाही, आणि आरंभी दुर्बीणही लागत नाही.

नव्या सभासदाची पहिली रात्र कशी असते, ते पाहण्यासारखे आहे. अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडून मंडळी शहराच्या दिव्यांपासून दूर एखाद्या माळावर सूर्यास्तापूर्वीच पोहोचतात. सतरंज्या आणि घोंगड्या अंथरल्या जातात. विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधतात. कारण डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ती क्षणात मोडते. नवागताची दृष्टी दुर्बिणीकडे लागलेली असते. परंतु जाणता सभासद तिला हात लावू देत नाही. तो प्रथम ध्रुव शोधायला सांगतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. म्हणून पुण्याच्या परिसरात ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित कमी उंचीवर सापडतो. स्वतःच्या मुठीने स्वतःच्या गावाचे अक्षांश मोजता येतात, हे कळल्यावर शाळेतील भूगोलाचा धडा जिवंत होतो.

मग एखादी आजी विचारते, 'मृग तर पावसाचे नक्षत्र. ते थंडीत कसे दिसते?' प्रश्न अगदी योग्य असतो. जूनमध्ये मृग लागतो याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्याबरोबरच ते उगवते आणि मावळते, म्हणून पावसाळ्याच्या आरंभी मृग नक्षत्र दिसणे शक्यच नसते. सहा महिन्यांनी सूर्य विरुद्ध बाजूस गेला की तेच नक्षत्र रात्रभर डोक्यावरून जाते. पिढ्यान् पिढ्या उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ असा एका वाक्यात उलगडतो.

यानंतर दुर्बिणीपुढे रांग लागते आणि येथेच खरी परीक्षा असते. शनीची कडी पाहून मन हरखते; परंतु देवयानी दीर्घिका म्हणजे केवळ एक धूसर डाग दिसतो. छायाचित्रांतील रंगीत चक्राची अपेक्षा ठेवून आलेला तरुण हिरमुसतो. त्या डागाचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे त्याला सांगितले जाते. 'थेट पाहू नका, किंचित बाजूला नजर ठेवा' असेही सुचविले जाते. कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नेत्रपटलाच्या मध्यभागी नसून त्याच्या भोवती असतात. तसे पाहताच डाग विस्तारतो. पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे त्याला त्या रात्री समजते.

परंतु मंडळ याहूनही एक मोलाची गोष्ट शिकविते, आणि आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन तेच आहे. ती गोष्ट म्हणजे नोंदवही. तारीख, वेळ, ठिकाण, आकाशाची स्थिती, साधन आणि जे दिसले ते, इतकेच त्या वहीत लिहायचे. रांगेत पुढच्या चौघांनी 'दिसले, दिसले' म्हटले की पाचव्याला 'मला नाही दिसले' म्हणण्याचा संकोच वाटतो. म्हणून अनुभवी मार्गदर्शक 'दिसले का?' असे विचारीत नाही. 'काय दिसले आणि कोणत्या बाजूला?' असे विचारतो. न दिसलेल्यापुढे 'दिसले नाही' असे निःसंकोच लिहिणारा सभासद तेथे आदरास पात्र ठरतो. 'अमुक तेजापर्यंतचे तारे दिसले, हा दिसला नाही' ही नोंदसुद्धा शास्त्राच्या कामाची असते.

अशा नोंदींचे सामर्थ्य २०२० च्या आरंभी साऱ्या जगाने अनुभवले. मृगातील तांबूस तारा काक्षी २०१९ च्या अखेरीपासून मंदावू लागला. एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला. म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरील ताऱ्याच्या बरोबरीला आला. हा बदल नुसत्या डोळ्यांनी कळत होता. रोहिणीशी आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून देशोदेशीच्या हौशी निरीक्षकांनी रोजच्या नोंदी केल्या. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ तयार झाली व ती प्रकाशाच्या आड आली, असा निष्कर्ष पुढील अभ्यासातून मांडला गेला. मोठमोठ्या वेधशाळांच्या कामाला साध्या डोळ्यांच्या या तुलनांनी साथ दिली.

या संदर्भात राधागोविंद चंद्र यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. १८७८ मध्ये तत्कालीन बंगालमधील जेसोरनजीक त्यांचा जन्म झाला. प्रवेश परीक्षेत त्यांना वारंवार अपयश आले आणि ते जेसोरच्या सरकारी कोषागारात कारकून झाले. १९१० मध्ये त्यांनी हॅलेचा धूमकेतू अभ्यासला आणि पुढे तीन इंची दुर्बीण मिळविली. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात झळकलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. त्यातून त्यांचा संबंध रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकेतील संघटनेशी जुळला आणि ते तिचे सभासद झाले. त्यांच्या कामाची योग्यता पाहून संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. दिवसा कचेरी आणि रात्री आकाश, असा क्रम त्यांनी अखंड चालविला. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदींची संख्या ३७ हजारांवर गेली होती. १९७५ मध्ये ते निवर्तले. परीक्षेने नाकारलेल्या या माणसाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी विश्वासाने स्वीकारल्या, कारण त्यांनी दिसले तेवढेच लिहिले.

येथे एक प्रश्न उद्भवतो. वही आणि डोळे पुरेसे असतील, तर सभासदत्व कशाला? राधागोविंदांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे. जेसोरच्या अंगणातील नोंदी एकट्या राहिल्या असत्या, तर त्या वहीबरोबरच वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या असत्या. संघटनेने त्यांना पद्धत दिली, साधन दिले आणि त्यांच्या श्रमांना जागा दिली. एकट्याची चूक एकट्याच्या ध्यानी येत नाही. दहा जणांच्या आकड्यांशेजारी ती लगेच उघडी पडते. खर्चाची भीती बाळगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, चांगली दुर्बीण घेण्याआधी मंडळाच्या दुर्बिणीतून वर्षभर पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. पहिली खरेदी करायचीच झाली, तर ताऱ्यांचा नकाशा आणि साधी द्विनेत्री पुष्कळ आहे. काही मंडळांतून सभासद काच घासून आरसा तयार करण्याची कलाही शिकतात. हातांनी घडविलेल्या दुर्बिणीतून चंद्रावरील विवरे पाहण्याचा आनंद विकत मिळत नाही.

पालकांच्या मनात अभ्यासाची आणि रात्रीच्या मुक्कामाची चिंता असते, ती रास्तच आहे. त्यावर सोपा उपाय असा की पालकांनीही मुलांबरोबर जावे. पावसाळ्याचे चार महिने आकाश बहुधा झाकलेलेच असते. तेव्हा व्याख्याने आणि वाचन होते. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्यातून एक रात्र काढणे कोणत्याही कुटुंबाला अवघड नाही. ग्रहणाच्या वेळी तर मंडळाचा आधार मोलाचा ठरतो. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला भीतीपोटी अनेक घरांची दारे-खिडक्या बंद होत्या. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे खरेच; परंतु योग्य गाळणीचा चष्मा लावून किंवा कागदावर प्रतिमा पाडून ग्रहण निर्धोकपणे पाहता येते, हे मंडळाचे सभासद गल्लोगल्ली दाखवितात.

शहरांच्या दिव्यांमुळे काळे आकाश दरवर्षी दूर सरकत आहे. आजच्या मुलांना आकाशगंगेचा पट्टा पाहण्यासाठी काही कोस जावे लागते; त्यांच्या मुलांना किती जावे लागेल, हे आजच्या पिढीच्या जागृतीवर अवलंबून आहे. ज्याने तो पट्टा पाहिलाच नाही, त्याला तो गमावल्याचे दुःख तरी कसे होणार?

म्हणून घरातील थोरांनी येत्या हिवाळ्यात नातवंडांचा हात धरून जवळच्या खगोल मंडळाची वाट धरावी. मंडळ जवळ नसेल, तर चार घरांनी मिळून एका गच्चीवर आरंभ करावा. एक कोरी वही घ्यावी, पहिल्या पानावर तारीख घालावी आणि रोहिणी शोधावी. सापडली तर तसे लिहावे. सापडली नाही, तर तसेही लिहावे. आणि दुसऱ्या रात्री पुन्हा वर पाहावे.